घरात खाणारी तोंडं किती?

खानेसुमारीला आलेले गुरुजी दारात उभे राहून जो प्रश्न विचारतात, तोच प्रश्न अमेरिकेचं आयकर खातं, म्हणजे आयआरएस, दर वर्षी १५ एप्रिलच्या आत कागदावर विचारतं: तुमच्या पदरी कोण कोण आहे? फॉर्म १०४० च्या पहिल्याच पानावर, नाव-पत्त्याच्या खाली, अवलंबितांची चौकट असते. नाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि तुमचं त्यांच्याशी नातं. चौकट चार बोटांची, पण तिच्यामागचे नियम सांगायला ‘पब्लिकेशन ५०१’ नावाची अख्खी पुस्तिका लागते.

ती एकदा हातात घ्याच. करापेक्षा त्यात माणसंच जास्त भेटतात. घर कशाला म्हणायचं, आपलं माणूस कोण, पोसणं कशानं मोजायचं, हे सगळं तिथे कायद्याच्या भाषेत लिहिलेलं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलपर्यंत असंख्य मराठी घरं दर वसंतात ही चौकट भरतात. त्यांच्यासाठी, आणि इथे बसून त्यांची काळजी करणाऱ्यांसाठी, या चौकटीतल्या काही रंजक गोष्टी.

सुरुवात २०० डॉलरांनी

अमेरिकेचा आजचा आयकर १९१३ सालचा. १९१७ मध्ये देश पहिल्या महायुद्धात उतरला, सरकारला पैसा हवा होता, म्हणून करमाफीची मर्यादा एकदम खाली आली आणि साध्या मध्यमवर्गीय घरांवरही कर बसला. मग लेकुरवाळ्यांचं काय? त्यांच्यासाठी त्याच वर्षीच्या कायद्यात प्रत्येक अवलंबित मुलामागे २०० डॉलरांची सूट ठेवली गेली. ‘तुमच्यावर किती जण अवलंबून आहेत’ हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

ही सूट वाढत वाढत २०१७ मध्ये माणशी ४,०५० डॉलरवर पोचली, २०१८ पासून शून्यावर आली आणि २०२५ च्या कायद्यानं ते शून्य कायमचं केलं. तरीही चौकट शाबूत आहे, कारण आता फायदा दुसऱ्या वाटेनं मिळतो. पूर्वीची सूट उत्पन्नातून वजा व्हायची, आताची थेट करातून वजा होते. २०२५ च्या विवरणपत्रापासून १७ वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आणि इतर अवलंबितामागे ५०० डॉलरपर्यंत. उत्पन्न फार मोठं असेल तर ही सूट आटत जाते.

एका वर्षात ७० लाख मुलं गायब

१९८६ पर्यंत विवरणपत्रात मुलाचं नाव लिहिलं की काम भागायचं. मूल खरंच आहे का, हे कुणी विचारत नसे. आयआरएसमधले एक अधिकारी, जॉन झिलाजी, वर्षानुवर्षं ही विवरणपत्रं तपासत होते. अवलंबितांच्या रकान्यात त्यांना ‘फ्लफी’सारखी, सरळ सरळ मांजरा-कुत्र्याची वाटावीत अशी नावंही दिसली. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: नावापुढे मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहायला लावा.

१९८६ च्या करसुधारणा कायद्यात तो आला. पाच वर्षांवरच्या प्रत्येक अवलंबिताचा नंबर सक्तीचा झाला आणि १९८७ ची विवरणपत्रं आली तेव्हा देशभरातली सुमारे ७० लाख मुलं कागदावरून नाहीशी झाली होती! सगळीच काही काल्पनिक नव्हती. विभक्त आईबापांपैकी दोघांनीही दाखवलेलं एकच मूल त्यात होतं, नंबर वेळेत न काढलेली घरंही होती. पण नऊ आकड्यांच्या एका रकान्यानं जे केलं, ते हजार तपासनीसांनाही जमलं नसतं. पुढे वयाची अट खाली खाली येत गेली, आणि आज तर प्रसूतीनंतर रुग्णालयातच, जन्मनोंदणीच्या कागदाबरोबर, बाळाच्या नंबराचा अर्ज भरून घेतात.

३१ डिसेंबर, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं

या मिनिटाला जन्मलेलं बाळ कायद्यानं संपूर्ण वर्षभर तुमच्या घरात राहिलं, असं धरतात. एका मिनिटाचं बाळ, सवलत बारा महिन्यांची. दोन मिनिटं उशीर झाला की गोष्ट पुढच्या वर्षावर गेली.

आईबाप खरंच असा हिशेब करतात का? स्टेसी डिकर्ट-कॉनलिन आणि अमिताभ चंद्रा या अर्थतज्ज्ञांनी १९९९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कराचा फायदा जितका मोठा, तितकी बाळ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मण्याची शक्यता जास्त, असं त्यांना आढळलं. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच लहान निघाला.

याच नियमाची दुसरी बाजू डोळ्यांत पाणी आणणारी आहे. बाळ जन्मलं, क्षणभर जगलं आणि गेलं, तरी त्या वर्षी ते तुमचं अवलंबित असतं. नंबर काढायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हा नंबराच्या जागी ‘मृत’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द लिहायचा आणि जन्मदाखल्याची प्रत जोडायची. कराच्या रूक्ष फॉर्मवर एवढी जागा त्या बाळासाठी ठेवलेली आहे.

काका चालतात, काकू नाही

आता आपल्या नात्यागोत्यांच्या मांडवात या. मोठ्या नातलगाला अवलंबित दाखवताना काही नात्यांना एकत्र राहण्याची अट नसते. आई, वडील, आजोबा, आजी, भाऊ, बहीण, भाचरं, पुतणे, सासू, सासरे, दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी, जावई, सून हे सगळे या यादीत आहेत. आईवडिलांची सख्खी भावंडंही आहेत.

‘सख्खी भावंडं’ या शब्दापाशी जरा थांबा. काका चालतात, काकू नाही. मामा चालतो, मामी नाही. आत्या आणि मावशी चालतात, त्यांचे यजमान नाहीत. इंग्रजीत काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे तिकडच्या माणसाला ही मेख समजावून सांगावी लागते. मराठीत नातं उच्चारलं की निकाल लागला.

आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडं? एकही यादीत नाही! ज्याला आपण नुसतं ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो, तो त्यांच्या लेखी परका. पण वाट बंद नाही. असा परका माणूस पूर्ण वर्षभर तुमच्या घरात घरचा म्हणून राहिला, तर त्यालाही अवलंबित दाखवता येतं. रक्तानं नाही, तर एका छपराखाली काढलेल्या वर्षानं नातं सिद्ध होतं.

सासूबाई आयुष्यभराच्या

लग्नानं जोडलेलं नातं घटस्फोटानं किंवा मृत्यूनं तुटत नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. नवरा वारला, सून नोकरी करून सासूबाईंना सांभाळते आहे. बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर सासूबाई तिच्या अवलंबित. घटस्फोट झाला तरीही तेच. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली म्हणून सासू-सुनेचं नातं कराच्या कागदावरून पुसलं जात नाही.

याउलट नवरा किंवा बायको कधीच अवलंबित नसते. एकटाच कमावता असला, दुसरा वर्षभर घरी असला, तरी दोघं मिळून एक विवरणपत्र भरतात. जोडीदाराची जागा चौकटीत नसते, वर, तुमच्या नावाशेजारी असते.

टीव्ही चालतो, गवत कापायचं यंत्र नाही

मोठ्या नातलगाला अवलंबित दाखवायचं तर त्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचललेला हवा. मुलांच्या बाबतीत अट उलटी आहे: मुलानं स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः केलेला नसावा. मग खर्च कशाला म्हणायचं? पुस्तिकेतली उदाहरणं बघा.

बारा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला टीव्ही घेऊन दिला आणि तो त्याच्या खोलीत ठेवला: पोसण्याचा खर्च. तेरा वर्षांच्या मुलासाठी २०० डॉलरचं गवत कापायचं यंत्र आणलं आणि अंगणाचं काम त्याच्याकडे सोपवलं: पोसण्याचा खर्च नाही, कारण अंगण सगळ्या घराचं. वस्तू कुणाच्या हातात आहे याला महत्त्व नाही, ती कुणाच्या उपयोगाची आहे याला आहे.

नातलगाला खोली दिली, तर ती बाजारात किती भाड्यानं गेली असती ते भाडंही तुमच्या खात्यात जमा होतं. जेवण, कपडे, औषधपाणी, शिक्षण, प्रवास, सगळं मोजतात. मुलीच्या लग्नाचा खर्चसुद्धा! लग्नाचे कपडे, फुलं, मेजवानी हे पालकांनी केलेलं पोषणच आहे, असा निर्णय आयआरएसनं १९७६ मध्येच दिलेला आहे. अंत्यसंस्काराचा खर्च मात्र यात धरत नाहीत. आणि मुलानं मिळवलेली शिष्यवृत्ती त्याचा स्वतःचा खर्च म्हणून धरत नाहीत. म्हणजे हुशारीची शिक्षा नाही.

रात्री मोजा

आईवडील विभक्त असतील तर मूल कुणाचं? कायदा प्रेमाचं वजन करत बसत नाही, रात्री मोजतो. ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री राहिलं, तो पालक पहिला हक्कदार. दोघांकडे अगदी सारख्या रात्री झाल्या, तर ज्याचं उत्पन्न जास्त तो. लीप वर्षात १८३ आणि १८३ अशी बरोबरी सहज होऊ शकते.

दोन बारकावे तर फारच समजूतदार आहेत. पालक रात्रपाळीला असेल आणि त्यामुळे मूल त्याच्याकडे दिवसा जास्त राहत असेल, तर त्याचे दिवस मोजायचे. रुग्णालयातली नर्स, गोदामातला रखवालदार यांचं पालकपण घड्याळापायी हिरावलं जात नाही. दुसरं म्हणजे, ३१ डिसेंबरची रात्र कुठल्या वर्षाची? ज्या वर्षात ती सुरू झाली त्या वर्षाची. हेही लिहून ठेवलेलं आहे.

पहिला हक्कदार पालक फॉर्म ८३३२ वर सही करून मुलामागची सवलत दुसऱ्याला देऊ शकतो. बोलणं बंद असलेल्या कित्येक जोडप्यांत दर वर्षी एवढा एक कागद तरी हातोहात जातो.

आई एक, लेकरं तीन

आईचा खर्च तिघं भावंडं मिळून करतात. थोरला ४० टक्के देतो, मधली ३५, धाकटा ९, उरलेलं आई स्वतःच्या शिलकीतून भागवते. निम्म्याच्या वर एकानंही दिलेलं नाही. मग कुणालाच सवलत नाही?

आहे. सगळ्यांनी मिळून निम्म्याहून जास्त दिलं असेल, तर दहा टक्क्यांहून जास्त देणाऱ्यांपैकी एकानं आईला आपली अवलंबित दाखवायची आणि तसं देणाऱ्या बाकीच्यांनी ‘या वर्षी मी हक्क सांगणार नाही’ असं लेखी द्यायचं. हाच फॉर्म २१२०. पुढच्या वर्षी पाळी बदलता येते: यंदा थोरला, पुढच्या वर्षी मधली. धाकट्याला मात्र अजून थोडा हात सैल सोडावा लागेल. आपल्याकडे भावंडांत आईवरून जे बोललं जात नाही आणि मनात साचत जातं, त्याला इथे एक फॉर्म आहे. हा फॉर्म मला सगळ्यांत आवडतो.

लग्नाविना संसार आणि १८०५ चा कायदा

वर्षभर एका घरात राहणारा, स्वतःचं फारसं उत्पन्न नसलेला, लग्न न केलेला जोडीदारही अवलंबित होऊ शकतो. मात्र ते एकत्र राहणं त्या राज्याच्या कायद्याविरुद्ध नसावं. नॉर्थ कॅरोलायनात लग्नाशिवाय एकत्र राहणं १८०५ पासून गुन्हा होता. तिथल्या एका पुरुषानं सोबत राहणाऱ्या स्त्रीला अवलंबित दाखवलं, आयआरएसनं नाकारलं आणि १९७९ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानंही आयआरएसचीच बाजू उचलून धरली. खर्च त्यानं केला होता, याबद्दल वाद नव्हता. तो जुना कायदा राज्याच्या न्यायालयात घटनाबाह्य ठरायला २००६ साल उजाडावं लागलं.

पोटातलं बाळ

जॉर्जिया राज्यात २० जुलै २०२२ पासून ज्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, असं पोटातलं बाळही राज्याच्या आयकरासाठी अवलंबित मानतात. सुरुवातीला त्यासाठी ३,००० डॉलरांची सूट ठेवली होती. वॉशिंग्टनला जाणाऱ्या विवरणपत्रात मात्र जन्म झाल्याशिवाय नाव लागत नाही. एकच घर, एकच वर्ष. राज्याच्या कागदावर तिघं, देशाच्या कागदावर दोघं.

मेक्सिको जवळ, सातारा दूर

मराठी घरांना खरा चटका लावणारा नियम हा. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असायला हवी, किंवा मग कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी. मेक्सिकोतल्या खेड्यात राहणारी आई चालते. साताऱ्यात राहणारी आई, तिची औषधं, तिच्याकडे येणाऱ्या मावशींचा पगार, घराची डागडुजी, सगळं डेट्रॉइटच्या पगारातून जात असलं तरी चालत नाही. तुम्ही किती पैसे पाठवता, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आई ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहायला आली, तर दार उघडतं. पण मग उत्पन्नाची अट आडवी येते: २०२५ साठी तिचं वर्षाचं करपात्र ठरणारं एकूण उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत हवं. आणि ग्रीन कार्डवाल्यांचं उत्पन्न जगभरातलं मोजतात. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज, सगळं. म्हणून आईला अवलंबित दाखवण्याआधी तिच्या पासबुकावर एकदा नजर टाका.

एच-४, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलांचीही एक गोष्ट. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, ९ या आकड्यानं सुरू होणारा करापुरता वेगळा नंबर काढावा लागतो. त्या नंबरावर २,२०० ची सूट नाही, ५०० ची मिळू शकते. अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या बहिणीमागे २,२००, पुण्यात जन्मलेल्या दादामागे ५००, असं एकाच घरात घडतं.

एक गोड घासही आहे. १९८९ मध्ये दिल्लीत सही झालेल्या भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही सरसकट वजावट घेता येते. २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे. शेजारी बसलेल्या चिनी किंवा जर्मन विद्यार्थ्याला ती मिळत नाही. कॅम्पसमध्ये काम करून दोन पैसे मिळवणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं हे कलम पाठ करून ठेवावं.

यांना चौकटीत जागा नाही

कुत्रा-मांजर: नाही. मात्र अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं खाणंपिणं, औषधपाणी हा वैद्यकीय खर्च धरतात.

घरकामाला ठेवलेली बाई: घरातच राहत असली तरी नाही. ती पगारावर आहे, पदरी नाही.

परदेशातून शिकायला आलेला पाहुणा विद्यार्थी: नाही. पण मान्यताप्राप्त संस्थेमार्फत त्याला घरी ठेवलं असेल, तर त्याच्या खर्चापोटी महिन्याला ५० डॉलरपर्यंत रक्कम दानधर्मात दाखवता येते.

हरवलेलं मूल घरातच असतं

२००० साली आयआरएसच्या एका अंतर्गत टिपणात असा अर्थ लावला गेला की, अपहरण झालेल्या मुलाला आईवडील फक्त त्या एका वर्षापुरतं अवलंबित दाखवू शकतात. पुढच्या वर्षापासून मूल घरात राहिलेलं नाही, सबब हक्क नाही. टिपण बाहेर आलं आणि लोक खवळले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं कायदा बदलला. आता घरच्यांपैकी नसलेल्या कुणी मूल पळवलं आहे, असं पोलिसांचं मत असेल, तर ते घरातच राहतं आहे असं धरतात. मुलाचं काही बरंवाईट झाल्याचं निश्चित कळेपर्यंत, किंवा ते १८ वर्षांचं होईल त्या वर्षापर्यंत. आईनं दर एप्रिलला त्याचं नाव लिहायचं, आणि सरकारनं ते मान्य करायचं.

हॉस्टेलवरचं पोर

मूल वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळ तुमच्याकडे राहिलं पाहिजे, ही अट ऐकून कित्येक पालक दचकतात. मुलगी तर ऑगस्टपासून दुसऱ्या राज्यात, हॉस्टेलवर! काळजी नको. शिक्षण, आजारपण, सुट्टी, लष्करी सेवा यासाठी बाहेर असलेला काळ घरातच काढला असं मोजतात, परत येणं अपेक्षित असेल तर. वर्षातले पाच महिने पूर्णवेळ शिकत असेल, तर वर्षअखेरीस वय २४ च्या आत असेपर्यंत ती तुमच्या चौकटीत राहू शकते.

मात्र तिनं स्वतःचं विवरणपत्र भरलं तर ‘मला दुसरं कुणी अवलंबित दाखवू शकतं’ या चौकोनात खूण करायची आहे, हे तिला आधी सांगा. ती विसरली, की तुमचं ऑनलाइन विवरणपत्र परत येऊ शकतं आणि मायलेकींत उगाच वाद होतो. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी फोन करा. जेवलीस का विचाराल, त्याच फोनवर तो चौकोनही विचारा. तिची खोली बंद असली, अंथरूण घडी करून ठेवलेलं असलं, तरी कायद्याच्या हिशेबात ती आज रात्री घरीच झोपणार आहे.